कणखर झाडं ऑगस्टमध्ये का मेली? मखमलाबाद भागातल्या एका सोसायटीच्या बागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमध्ये मखमलाबादच्या बाजूला अजूनही इमारती आणि द्राक्षबागा भिंतीला भिंत लावून आहेत. तिथली ही ४४ फ्लॅटची सोसायटी. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. २०२१च्या अखेरीस ताबा मिळाला तेव्हा बाग तयारच होती. मधोमध साधारण १,२०० चौरस फुटांचं लॉन, पश्चिमेच्या भिंतीलगत १०० फूट लांब आणि ६ फूट रुंद पट्टा, उत्तरेला इमारत आणि कंपाउंड यांच्यामध्ये ७० बाय ४ फुटांची सावलीतली बोळ, आणि गेटजवळ एक त्रिकोणी तुकडा. झाडं नेहमीचीच होती: इक्झोरा, गोल्डन दुरांताची कातरलेली रांग, अकॅलिफा, अधूनमधून जास्वंद. ताब्याच्या दिवशी फोटो छान येतील अशी ही लागवड होती आणि तेवढ्यापुरती ती यशस्वीही झाली.

अडचण

पहिल्या मे महिन्यात लॉन गेलं. १,२०० चौरस फूट म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. नाशिकच्या उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज पाच लिटर धरले, तरी साडेपाचशे लिटर पाणी लागतं. टँकर मागवायची वेळ आल्यावर कमिटीने सगळ्यांत आधी बागेचा नळ बंद केला. त्यात गैर काहीच नव्हतं.

२०२२च्या जूनमध्ये कमिटीने पुन्हा पैसे काढले आणि ठेकेदाराला एकच अट घातली: ‘कमी पाण्यात टिकणारी, हार्डी झाडं लावा.’ त्याने खरोखरच तशी झाडं आणली. निळा प्लंबॅगो, लँटाना, अडेनियम, सोबत पुन्हा इक्झोरा. ऑगस्ट संपेपर्यंत पश्चिमेच्या पट्ट्यातली निम्म्याहून जास्त रोपं मेली होती. पाण्याचा ताण नव्हता, ऊन नव्हतं, तरी मेली. ठेकेदार म्हणाला, माळ्याचं लक्ष नाही. माळी म्हणाला, रोपंच खराब आली. कमिटीने दोघांनाही बदलायचं ठरवलं होतं. तेवढ्यात एका सभासदाने मेलेली रोपं फेकून न देता उपटून बघण्याचा आग्रह धरला.

उपटून पाहिल्यावर काय दिसलं

सहा रोपं काढली. पिशवीतला लाल माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचा गोळा जसाच्या तसा होता. मुळं गोळ्याच्या आतच गोल गोल फिरलेली, बाहेरच्या काळ्या मातीत एकही गेलेलं नाही. खालची मुळं तपकिरी, बोटांत धरून ओढली की साल सुटून हातात येत होती. वासही आंबट, कुजका. ही मूळकूज.

कारण समजायला अवघड नाही. काळ्या चिकण मातीत कुदळीने गोल खड्डा खणला की त्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्यात भुसभुशीत गोळा बसवला की तो खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बिनभोकाची बादली होते. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकला आठवडाभर रिपरिप चालते तेव्हा आजूबाजूचं पाणी याच खड्ड्यात उतरतं आणि तिथेच थांबतं. हाच खड्डा एप्रिलमध्ये उलटा छळतो. काळी माती आकसते, गोळ्याभोवती बोटभर फट पडते, दिलेलं पाणी फटीतून खाली जातं आणि एकदा सुकलेलं कोकोपीट ते शोषून घेत नाही. वर ओल दिसते आणि गोळा आत कोरडाठाक असतो.

यानंतर आवारात तीन ठिकाणी निचऱ्याची चाचणी झाली. एक फूट खोल खड्डा, तो पाण्याने भरून रिकामा होऊ द्यायचा, मग पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीने मोजायचं. तासाला अडीच ते पाच सेंटिमीटर उतरलं तर बहुतेक झुडपांचं भागतं. इथे दोन खड्ड्यांत एक सेंटिमीटरही उतरलं नाही. तिसऱ्यात, गेटजवळच्या त्रिकोणात, पाणी बघता बघता गायब झालं. तिथे खाली नुसता मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा होता. एकाच आवारात दोन पूर्ण वेगळ्या जमिनी आणि दोन्हीकडे एकच झाडं, इथेच घोळ होता.

माती तपासणीत सामू (pH, आम्ल-अल्कतेचं माप) ८.३ आला आणि चुनखडीचं प्रमाण जास्त निघालं. इक्झोराची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या का राहत होत्या, याचं उत्तर यात होतं. लोह मातीत आहे, पण या सामूला ते मुळांना मिळत नाही. फेरस सल्फेट मातीत टाकलं तर तेही लवकरच अडकून बसतं. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड अशी फवारणी केली की पानं हिरवी होतात, पण नवी पालवी पुन्हा पिवळीच येते. वर बोअरचं जड पाणी. अशा जागी इक्झोरा ठेवायचा म्हणजे कायमचं औषधपाणी.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: नवा ठेकेदार, तीच झाडं, वर्षाचा मेंटेनन्स करार. सभेत सगळ्यांत लोकप्रिय हाच होता, कारण यात कुणाला काही करावं लागत नव्हतं.

दुसरा: सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि कुंड्या. कुंडीला मे महिन्यात दिवसाआड तरी पाणी लागतंच, कधी रोज. पश्चिमेच्या भिंतीलगत पेव्हर टाकले असते तर खालच्या मजल्याच्या खोल्या संध्याकाळी भट्टीसारख्या तापल्या असत्या. तळमजल्यावरच्या सभासदांनीच हा हाणून पाडला.

तिसरा: आधी जमीन, मग झाडं. पश्चिम पट्टा उंच करायचा, लॉन कमी करायचं आणि प्रत्येक तुकड्याची यादी वेगळी ठेवायची. खर्च पहिल्या पर्यायाच्या जवळपास दुप्पट. यातले चारातले तीन रुपये माती, निचरा आणि ठिबकवर, रोपांवर फक्त एक. ‘एवढे पैसे मातीत घालायचे?’ हा प्रश्न सभेत जसाच्या तसा विचारला गेला. उपटलेली सहा रोपं टेबलावर ठेवलेली होती म्हणून हा पर्याय मंजूर झाला. नुसत्या अहवालाने झाला नसता.

यादीवरचे वाद

कण्हेर. टिकाऊपणात तिला तोड नाही, हायवेच्या दुभाजकांवर ती उगाच लावत नाहीत. पण झाडाचा प्रत्येक भाग विषारी, जाळलं तर धूरसुद्धा. सोसायटीत पाच वर्षांखालची पंधरा-वीस मुलं. कण्हेर आणि तिच्याबरोबर बिट्टीही यादीतून गेली. सदाफुली आणि लिलीचे कंदही पोटात गेले तर बाधतात, पण कण्हेरीच्या पानाइतका धोका त्यांत नाही. ती ठेवली, आणि ‘बागेतलं काही तोंडात घालायचं नाही’ अशी पाटी लावली.

वेडेलिया. जमीन झाकायला ठेकेदाराची पहिली पसंती. स्वस्त, पिवळी फुलं, तीन महिन्यांत गालिचा. पण ती थांबत नाही. प्रत्येक पेरावर मूळ धरते, कातरलेला तुकडा जिथे पडेल तिथे उगवते. जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आहे. भिंतीपलीकडे शेत असताना ती लावणं म्हणजे शेजाऱ्याशी भांडण विकत घेणं.

जास्वंद. हा खरा नाजूक विषय. द्राक्षावर येणाऱ्या गुलाबी मिलीबगला (पिठ्या ढेकणाला) जास्वंदही तितकीच प्रिय आहे. एका बाजूला द्राक्षबाग आणि दुसऱ्या बाजूला जास्वंदाची रांग असेल तर किडीला मुक्काम बदलायलाही कष्ट नाहीत. ही माहिती सभेत सांगितल्यावर एका ज्येष्ठ सभासद काकूंनी विचारलं, “म्हणजे बाप्पाला जास्वंद नको म्हणता?” सेक्रेटरींनी मधला मार्ग काढला: “काकू, नको नाही म्हणत. दोनच लावू, वॉचमनच्या केबिनपाशी मोठ्या कुंडीत. रोज नजरेखाली राहतील.” शेंड्याची पानं आकसून गोळा झालेली किंवा मुंग्यांची रांग दिसली की तो शेंडा कापून पिशवीत बंद करायचा, कचऱ्याच्या ढिगावर टाकायचा नाही. हे काम वॉचमनला दाखवून ठेवलं.

प्रत्यक्ष काम

२०२३च्या फेब्रुवारीत पश्चिम पट्ट्यातला वरचा सहा इंच थर काढला. निम्मा प्लास्टर आणि विटांचे तुकडे निघाले. तळाला शंभर फुटांत एक फूट उतार देऊन चार इंची, भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप टाकला, त्याला शेडनेट गुंडाळलं आणि तोंड पावसाळी गटारात सोडलं. त्यावर दहा इंच उंचीचा गादीवाफा: पोयटा (गाळाची माती) दोन भाग, बारीक मुरूम एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग. १०० बाय ६ बाय पाऊण-एक फूट म्हणजे हिशेबाने पाच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). माती दबते म्हणून सहा ब्रास मागवली. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळून निचरा सुधारतो हा समज सोडून द्यावा. थोड्या वाळूने ती आणखी घट्ट होते. जिप्समची सूचनाही आली होती. सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीत ते उपयोगी, इथला दोष तो नव्हता, म्हणून टाकलं नाही.

लॉनच्या जागी हरळी आणि लव्हाळा ही तणं होती. एप्रिल-मेमध्ये जमीन भिजवून पारदर्शक प्लास्टिक सहा आठवडे कडा बुजवून अंथरलं. हरळी बहुतेक मेली. लव्हाळ्याच्या खोल गाठी मेल्या नाहीत, त्या नंतर खुरप्यानेच काढाव्या लागल्या.

द्राक्षाच्या गावात ठिबकचं सामान आणि जाणकार माणूस मिळायला वेळ लागत नाही. पश्चिम पट्ट्यात १६ मिमीच्या दोन इनलाइन नळ्या, ४० सेंटिमीटरवर तासाला चार लिटरचे ड्रिपर. सगळे मिळून तासाला सुमारे सहाशे लिटर. पहिल्या उन्हाळ्यात दिवसाआड पाऊण तास. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा एक तास, म्हणजे थोडं थोडं देण्याऐवजी एकदाच खोल.

लागवड दोन हप्त्यांत केली. झुडपं जुलैमध्ये, जमीन झाकणारी आणि कंदवर्गीय रोपं पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये. गणपतीपर्यंत सगळं हिरवं दिसावं असा दबाव होता, तो मानला नाही. लावताना पिशवी काढून गोळ्याला चारी बाजूंनी सुरीने उभे काप दिले, तळाची गुंडाळलेली मुळं कापली, बाहेरची निम्मी माती झाडली. खड्डा गोल न खणता चौकोनी आणि खडबडीत भिंतींचा, आणि गोळा वाफ्याच्या पातळीपेक्षा एक इंच वर.

पश्चिमेला मागच्या ओळीत हॅमेलिया (नारिंगी फुलांचं झुडूप) पंधरा आणि डबल तगर दहा, चार फुटांवर. तगर पूजेच्या फुलांसाठी. त्यापुढे निळा प्लंबॅगो तीस, तीन फुटांवर. सगळ्यांत पुढे पुंजक्यांनी रेन लिली, मधल्या मोकळ्या जागांत सदाफुली.

त्रिकोणातल्या मुरमात पाणी टिकत नाही. त्याला सुधारायच्या फंदात न पडता तिथे कोरडं सोसणारी झाडं लावली: एक बोगनवेल, लोळत पसरणारी जांभळी लँटाना आणि धायटीची तीन रोपं. धायटी आपल्या सह्याद्रीच्या उतारांवरची, नर्सरीत सहज मिळत नाही आणि पहिली दोन वर्षं वाढल्याचं दाखवतही नाही. बोगनवेलीला फुलं यावीत म्हणून डिसेंबरपासून पाणी तोडून ताण द्यायचा, हे बागायतदाराच्या मुलखात कुणाला समजवावं लागलं नाही.

लॉन चारशे चौरस फूट मुलांसाठी ठेवलं. उरलेल्या आठशेवर जलपिंपळी. कालव्याकाठी, ओलीत उगवणारी ही जमिनीलगतची वनस्पती. तिच्या दोन-तीन पेरांच्या काड्या ट्रेमध्ये रुजवून फुटाफुटावर आठशे रोपं लावली. एकदा धरली की कमी पाण्यावर तग धरते, काळ्या मातीतही वाढते, आणि महिन्यातून एकदा उंचावर कातरलं की पुरतं. फुलांवर मधमाश्या येतात, त्यामुळे अनवाणी खेळायची जागा ही नाही. म्हणून तर लॉनचा तुकडा राखला.

निष्पत्ती

पहिलं वर्ष फसवं ठरलं. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा गेला. निचऱ्याची परीक्षाच झाली नाही, सगळं हिरवंगार, कमिटी खूश. खरी परीक्षा २०२४च्या ऑगस्टमध्ये, गोदावरीला पूर आला तेव्हा. हॅमेलिया आणि तगर एकही गेलं नाही. प्लंबॅगोची तीसपैकी सात रोपं गेली आणि ती सातही दक्षिण टोकाच्या शेवटच्या वीस फुटांतली. तिथे भराव सगळ्यांत जास्त दबून वाफा जेमतेम पाच इंच उरला होता.

इथे पुन्हा एक निर्णय घ्यावा लागला. माती चढवून परत प्लंबॅगो लावायचा, की झाड बदलायचं? झाड बदललं. त्या टोकाला पांढरी स्पायडर लिली आली. चार दिवस पाणी साचलं तरी तिला फरक पडत नाही आणि मे महिन्यात पाणी चुकलं तरी कंदावर निभावते. जड काळ्या मातीसाठी एकच झाड सुचवायचं झालं तर आमचं मत तिलाच.

उत्तरेच्या बोळात जलपिंपळी लावायचा प्रयत्न पूर्ण फसला. दिवसाला चार तासही ऊन नसेल तर ती विरळ होत जाते. तिथे आता एक फुटावर रिओ आहे, खाली जांभळी आणि वर हिरवी पानं असलेला. जिथे एसीचं पाणी ठिबकतं तिथे कर्दळ.

थंडीचा विचार सुरुवातीला कुणी केला नव्हता. नाशिकला पारा दहाच्या खाली उतरला की हॅमेलियाची पानं तांबूस होतात आणि फुलं थांबतात. जानेवारीत ‘झाड आजारी पडलं’ म्हणून दोन तक्रारी आल्या. औषध काही लागत नाही, फेब्रुवारीअखेर नवी पालवी येते.

मोठा त्रास किडीने दिला नाही, कातरीने दिला. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये हॅमेलिया आणि प्लंबॅगो दोन्ही चेंडूसारखे गोल कातरलेले आढळले आणि दोन महिने फूल नाही. दोन्ही झाडं नव्या शेंड्यांवर फुलतात. दर पंधरा दिवसांनी शेंडे उडवले तर कळ्या येणार कुठून? माळीदादांचं उत्तर चोख होतं: “साहेब, कात्री चालवली नाही तर सोसायटीवाले म्हणतात, माळी नुसता पाणी मारून जातो.” मग छाटणीचं वेळापत्रकच फलकावर लावलं: मोठी छाटणी वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या शेवटी, प्लंबॅगो एक तृतीयांश आणि हॅमेलिया कमरेएवढा. एरवी फक्त वाटेत येणारी फांदी. तक्रारी थांबल्या, फुलंही आली.

काय वेगळं करता आलं असतं

पोयटा. शेतातून आलेल्या मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आल्या आणि नव्या वाफ्यात पहिल्याच पावसात सगळीकडे कोंब फुटले. माती आल्यावर तिचा ढीग तीन आठवडे ओला ठेवून काय उगवतं ते पाहायला हवं होतं. लव्हाळा निघाला तर ती गाडी परत करता येते. वाफ्यात पसरलेली माती नाही.

भराव. सहा ब्रास माती एकदाच टाकण्याऐवजी एक ब्रास राखून ठेवून पहिल्या पावसाळ्यानंतर दबलेल्या जागी चढवली असती तर ती सात रोपं वाचली असती.

रोपांचा आकार. लवकर भरगच्च दिसावं म्हणून तगरीची मोठ्या पिशवीतली रोपं घेतली, हॅमेलिया मात्र सहा इंची पिशवीतला. दुसऱ्या पावसाळ्यात हॅमेलियाने तगरीला उंचीत मागे टाकलं. मोठ्या पिशवीत मुळं जितकी जास्त गुंडाळलेली, तितका नव्या मातीत शिरायला उशीर.

आच्छादन. द्राक्षाच्या एप्रिल छाटणीच्या काड्यांचा चुरा फुकट मिळत होता आणि पहिल्या वर्षी तो ताजाच आणून पसरला. सालीखाली मिलीबग असतात, हे जास्वंदीच्या वेळी बोलून झालेलं असूनही इथे कुणाच्या डोक्यात आलं नाही. नशिबाने काही झालं नाही. आता चुरा महिनाभर उन्हात पातळ पसरून मगच येतो, तीन इंच जाडीचा आणि खोडापासून चार बोटं दूर.

धायटीच्या तीनपैकी दोन जगल्या. २०२५च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा फांदीभर लाल फुलं आली. तिसरी गेली ती कुणीतरी रोज प्रेमाने बादलीभर पाणी घातल्यामुळे. आता तिथे पाणी न घालण्याची पाटी आहे.